साठ मेल, दोन उत्तरं: जर्मनीतला पोस्टडॉक शोधताना

पुण्यात रसायनशास्त्रात पीएचडी करताना माझा समज होता की एकदा थीसिस जमा करू, मग निवांत पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधन-नोकरीच्या, जाहिराती बघू. तिथंच चुकलं. जर्मनीत बऱ्याचदा जागेची जाहिरात येईपर्यंत प्राध्यापकांनी मनात कुणालातरी हेरलेलं असतं. युराक्सेससारखी युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांची संकेतस्थळं जरूर चाळा, पण भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. शोधाला वर्षभर आधी लागा.

मी पहिल्या झटक्यात तिथल्या प्राध्यापकांना साठ मेल पाठवले. मजकूर एकच, फक्त वरचं नाव बदलायचं. एका ठिकाणी तेही बदलायचं राहिलं. (त्या बाईंनी उत्तर दिलं नाही, आणि बरंच झालं.) दोन उत्तरं आली, दोन्हीकडे निधी नव्हता. मग लॅबमधल्या एका सीनियर ताईनं माझा मेल वाचला आणि विचारलं, "यात तुझं काय आहे रे? हा तर शेजारच्या टेबलावरचा पोरगाही पाठवेल."

पुढचा मेल लिहायला चार दिवस लागले, पण ओळी जेमतेम बारा. ज्या संशोधन गटाला तो पाठवला, त्यांच्या एका पेपरात पॅलेडियम धातूचा उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) पुन्हा पुन्हा वापरल्यावर चौथ्या फेरीला मंदावत होता. मी लिहिलं, की धातू द्रावणात झिरपत असावा अशी शंका येते. अभिक्रिया अर्ध्यावर असताना उत्प्रेरक गरम गरमच गाळून काढायचा आणि उरलेलं द्रावण पुढे चालतंय का ते बघायचं, ही चाचणी मी माझ्या उत्प्रेरकावर केली आहे, आलेख सोबत जोडतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "शुक्रवारी बोलू या का?"

मुलाखतीत तीस मिनिटं माझं सादरीकरण झालं. त्यानंतर गटातल्या मुलांनी सगळ्यात जास्त खोदून विचारलं ते माझ्या फसलेल्या प्रयोगांबद्दल. तुम्हीही त्या मुलांशी प्राध्यापक नसताना बोला. करार किती महिन्यांचा असतो, पुढे वाढतो का, आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत, हे तीन प्रश्न पुरतात.

फेलोशिपचं थोडक्यात सांगतो. हंबोल्ट या जर्मनीतल्या फेलोशिपला पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मेरी क्यूरी या युरोपीय संघाच्या फेलोशिपची अर्जाची मुदत साधारण सप्टेंबरात संपते, आणि आधीच्या 36 महिन्यांत जिथे जायचं त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. दोन्हीकडे यजमान प्राध्यापक आधी राजी लागतो, म्हणजे फिरून गाडी त्या बारा ओळींवरच येते. विद्यापीठाची नोकरी मिळाली तर पगार बहुधा टीव्ही-एल ई-13 या सरकारी वेतनश्रेणीत असतो. करारावरचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. कर, आरोग्य विमा, पेन्शन धरून एकट्या माणसाचा एक तृतीयांशाहून जास्त पगार कापला जातो. हंबोल्टच्या रकमेतून असं कापलं जात नाही, पण पेन्शनही साठत नाही.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. ऑफर हातात असताना माझा व्हायवा (पीएचडीची तोंडी परीक्षा) लांबला, मग प्रोव्हिजनल सर्टिफिकेट एका सहीसाठी तीन आठवडे अडलं. "साहेब रजेवर आहेत," एवढंच ऐकायला रोज खिडकीवर जायचो. जुलैत रुजू व्हायचं ते ऑक्टोबर उजाडला. थीसिस जमा कराल त्याच दिवशी परीक्षा विभागात थांबा आणि पुढे कोणकोणत्या टेबलांवरून कागद फिरतो, ते वहीत लिहून घ्या.