शाळा दिव्यांग मुलाला टाळते तेव्हा पाठपुरावा कसा करावा

दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारताना शाळा सहसा स्पष्ट नकार देत नाही. ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत’, ‘त्याला विशेष शाळाच बरी पडेल’, असे सांगून पालकांना गोडीगुलाबीने परत पाठवले जाते आणि या बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून पालकांना मदत करणाऱ्याने, मग तो नातेवाईक असो वा कार्यकर्ता, सर्वांत आधी हा व्यवहार कागदावर आणावा.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच देण्यास टाळाटाळ झाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. ‘सहकार्य करावे’ अशा मोघम विनंतीला मोघमच उत्तर मिळते. त्याऐवजी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणावा, कमी दिसणाऱ्या मुलाला मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका द्यावी, अशी नेमकी मागणी करून सकारण लेखी उत्तर मागावे. मागणी ठरवण्यापूर्वी मुलालाही विचारावे, कारण शिक्षकांच्या टेबलाशेजारचा वेगळा बाक मोठ्यांना सोय वाटला, तरी मुलाला तो नकोसा असू शकतो.

अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 16 चा उल्लेख करावा. शासनमान्य आणि अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, असे त्यात म्हटले असून 40 टक्के दिव्यांगत्वाची अट तेथे नाही. ही अट कलम 31 मधील, 6 ते 18 वर्षे वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्काला लागू होते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे सरकारी ओळखपत्र, काढून ठेवावे. दहावीसाठी लेखनिक किंवा जादा वेळ हवा असल्यास शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करण्याची तयारी नववीतच सुरू करावी.

शाळेने दाद दिली नाही, तर महाराष्ट्रात गटशिक्षणाधिकारी आणि पुढे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते.

मूल आधीच शाळेत असेल, तर तक्रार चालू असताना त्याला घरी बसवू नये. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेला त्याला काढून टाकता येत नाही. पालकांनी स्वतःहून दाखला काढून नेला, की मात्र शाळेला काही करावेच लागत नाही.