मराठवाड्याच्या उन्हाळ्यात क्लाउनफिश: या चुका टाळा

लातूरला मे महिन्यात माझ्या क्लाउनफिशच्या (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला छोटा समुद्री मासा) टाकीतलं पाणी पंख्याखाली रोज जवळपास बोटभर उतरतं. पहिल्या वर्षी मी ते समुद्री मीठ कालवलेल्या पाण्याने भरत राहिलो. काचेच्या कडेला पांढरी पापडी धरत होती, तीही मी नुसती पुसून टाकायचो. मासा खाईना, कोपरा धरून बसला. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याची क्षारता मोजायचं उपकरण) आणून पाहिलं तर पाण्याची सापेक्ष घनता १.०३०! हवं १.०२३ ते १.०२५. उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून आटलेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरायचं. मी काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे, रोज सकाळी तिथपर्यंत भरतो. क्षारता वाढलेलीच असेल तर दोन-तीन दिवस घेऊन हळूहळू उतरवा, एका दिवसात नको.

हे गोडं पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, शेवाळाला आमंत्रणच. आरओचं घ्या, पण टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) लावून बघा. घरच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. आकडा शून्याच्या जवळ हवा. मशीनमधून वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव आहे, ते मोरीत सोडवत नाही.

उन्हाचं म्हणाल तर २५ ते २७ अंश या माशाला मानवतात. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. बर्फ थेट टाकू नका, बाटलीत गोठवून बाटली तरंगत ठेवा.

‘फाइंडिंग निमो’ सिनेमात पाहिलं म्हणून पहिल्याच दिवशी ॲनिमोन (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतो तो समुद्री जीव) आणू नका. त्याला जोरदार उजेड आणि महिनोन्‌महिने मुरलेली टाकी लागते. क्लाउनफिश त्याच्याशिवाय मजेत राहतो. मासाही टाकी भरल्याबरोबर सोडायचा नाही. नव्या टाकीत तयार होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही माशाला विषारी द्रव्यं शून्यावर यायला साधारण चार-सहा आठवडे जातात.

जोडी घेताना एक मोठा, एक लहान घ्या. हे सगळे जन्मतः नर. जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. दोन सारखेच मोठे आणले तर दोघंही माघार घेत नाहीत आणि सकाळी एकाचे पर फाटलेले दिसतात.