अनुबियासचं खोड कुजत होतं, ते असं थांबलं

दुकानदाराने माशांची दोन फुटी टाकी झाडांसकट लावून दिली होती. निऑन टेट्रा मासे मजेत होते, पण अनुबियास या पाण्यातल्या झाडाची पानं देठापासून सुटून पाण्यावर तरंगायला लागली. आधी खत कमी पडतंय असं वाटलं. शेवटी एक झाड उपटून पाहिलं तेव्हा कारण कळलं.

अनुबियासचं खोड आल्यासारखं आडवं वाढतं. पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांत ते दगडांना, ओंडक्यांना धरून असतं. इथे ते पूर्ण खडीत पुरलेलं होतं. बोटाने दाबलं तर पिचपिचीत, तपकिरी, आणि वास असा की हात दोनदा धुवावा लागला.

धारदार ब्लेडने आत घट्ट हिरवा गाभा लागेपर्यंत कुजका भाग कापला. अर्धवट कापून उपयोग नाही, कूज पुढे सरकते. उरलेले तुकडे साध्या सुती दोऱ्याने ड्रिफ्टवुडला, म्हणजे टाकीत ठेवलेल्या लाकडाला बांधले. दोरा पुढे पाण्यात विरतो, तोवर मुळं लाकूड पकडतात. जावा फर्न या पाण्यातल्या झाडालाही हेच लागू.

पानांवर हिरवे ठिपकेही होते. हे झाड फार सावकाश वाढतं, त्यामुळे जास्त उजेडात शेवाळ आधी त्याच्यावरच बसतं. टायमर लावून दिवा रोज 7 तासांवर आणला आणि अनुबियास लाकडाच्या सावलीच्या बाजूला घेतलं.

नवं पान येतं ते गुंडाळलेलं, फिकट पोपटी. ते दिसलं की झाड वाचलं म्हणायचं. व्हॅलिस्नेरिया हे गवतासारखं पाण्यातलं झाड मात्र खडीतच लावा, फक्त पानं जिथून फुटतात तो भाग वर ठेवा.