लॉन्ड्रीतून रजई निथळतच बाहेर यायची, त्यावरचा उपाय

न्यू जर्सीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरात नाणी टाकून चालणारी फ्रंट लोड मशिनं आहेत. कपडे ठीक निघायचे, पण रजई धुतली की पाणी निथळत बाहेर! मग ड्रायरमध्ये क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, ओतत बसा.

मशीन बिघडलेलं नव्हतं. आडव्या ड्रममध्ये एकच जड वस्तू असली की सगळं वजन एका बाजूला जातं. मशीन ते ओळखतं, ड्रम सावकाश फिरवून वजन पसरवून बघतं, आणि नाहीच जमलं तर स्पिनचा वेग कमी ठेवतं किंवा स्पिन सोडूनच देतं. आपली नाणी मात्र गेली.

आता रजईबरोबर दोन-तीन मोठे टॉवेल टाकतो आणि वर वीतभर जागा मोकळी सोडतो. दुसरा गुन्हेगार फेस. ही मशिनं पाणी बेताचंच घेतात, त्यामुळे जास्तीचा फेस ड्रम आणि बाहेरच्या टाकीमध्ये अडकून ड्रमलाच रोखतो. म्हणून 'एचई' (हाय एफिशियन्सी, म्हणजे कमी पाण्याच्या मशिनांसाठीचं, कमी फेसाचं) लिहिलेलं लिक्विड, तेही टोपणातल्या पहिल्या रेघेपर्यंतच.

ड्रायरचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. सुट्ट्या नाण्यांसाठी मात्र बँकच गाठावी लागते: १० डॉलरच्या गुंडाळीत ४० क्वार्टर.