शून्य ऊर्जा शीतकक्ष: विटा, वाळू आणि पाण्यावर भाजी ताजी कशी ठेवावी

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढी उष्णता काढून घेतली तर 57 लिटर पाणी 10 अंशांनी गार होईल. घामाने अंग निवतं ते याच गुणामुळे. झाडंही पानांतून वाफ सोडत भर उन्हात तग धरतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980च्या दशकात याच तत्त्वावर बिनविजेचा शीतकक्ष विकसित केला. त्यात साधारण 100 किलो माल मावतो.

बांधण्याआधी हवा तपासा. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला (तापाचा चालत नाही) ओलं सुती कापड गुंडाळा आणि पाचेक मिनिटं पंख्यासमोर धरा. पारा जिथे स्थिरावेल, त्याच्या खाली कक्ष जाणार नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा 23च्या आसपास येतो. कोकणात 34 अंशांना आर्द्रता 75 टक्के असली, की तो 30 येतो. तिथे एवढा खटाटोप करू नये.

जागा सावलीची, वारा खेळणारी आणि पाण्याजवळची हवी. जमीन सपाट करून 165 बाय 115 सेंमी विटांचा एक थर अंथरा. त्यावर कडेने 67.5 सेंमी उंचीची दुहेरी भिंत रचा. दोन भिंतींत 7.5 सेंमी फट सोडा. विटा भाजलेल्या, न तडकलेल्या घ्या आणि आधी पाण्यात भिजवा. गिलावा अजिबात करू नका, कारण पाणी विटेच्या छिद्रांतूनच बाहेर येऊन उडतं. फटीत चाळून धुतलेली वाळू ओली करून भरा. मातकट वाळू दबून बसते आणि पाणी वरच्या वर अडतं. बांबूच्या चौकटीवर वाळलं गवत बांधून झाकण करा. वर छप्पर हवंच.

सुरुवातीला वाळू, विटा, झाकण पूर्ण भिजवा. नंतर सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, किंवा फटीवर ठिबकची नळी टाका. भिंत हाताला ओली लागावी, पण आत थेंब गळता कामा नयेत. माल छिद्रांच्या क्रेटमध्ये, निथळून ठेवा. धुतलेली ओली मेथी इथे लवकर सडते.

खरा फायदा गारव्यापेक्षा ओलाव्याचा आहे. पालकात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि त्यातलं थोडं उडालं तरी जुडी मान टाकते. कक्षातली हवा 90 टक्क्यांच्या आसपास दमट राहते, त्यामुळे पानातलं पाणी पानातच राहतं. याच कारणाने कांदा-लसूण आत ठेवू नका, त्यांना कोंब फुटतात नाहीतर बुरशी येते. पिकते आंबे आणि पालेभाज्याही एकत्र नकोत. आंब्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात.

काही महिन्यांनी गारवा कमी वाटला तर बाहेरची भिंत बघा. बोअरचं पाणी जड असेल तर विटांवर पांढरा थर चढलेला दिसेल. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि छिद्रं बुजतात. थर ताठ ब्रशने खरवडून काढा. तरीही पाणी झिरपत नसेल तर तेवढ्या विटा बदला. शक्य असल्यास साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.