वहिनीला दोन तास मोकळे मिळावेत म्हणून एक कागद

आईला स्मृतिभ्रंश आहे. इंदूरला रामबागेत वहिनी तिचं सगळं करते. "मी बसते, तू जाऊन ये" असं सगळे म्हणायचे, पण वहिनी उंबरठा ओलांडायची नाही, कारण आईला कसं सांभाळायचं ते फक्त तिलाच ठाऊक. मग आम्ही तिला विचारून विचारून एक कागद लिहिला आणि फ्रिजवर लावला.

१. आईला काय म्हणून हाक मारायची. (नाव नाही, "माई".)
२. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती पदर खोचून "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी जाते. "हे घरच आहे" असं मुळीच सांगायचं नाही, ती रडकुंडीला येते. "जाऊ या, आधी चहा घेऊ" म्हणायचं आणि मटारच्या शेंगा पुढ्यात ठेवायच्या. पाच मिनिटांत सोलण्यात रमते.
३. बाथरूमला दर दोन तासांनी आपणच न्यायचं.
४. वहिनीचा, डॉक्टरांचा फोन आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

मदतीला येणाऱ्याने वार आणि वेळ आधीच ठरवावी. "कधीही सांग" म्हटलं की सांगणाऱ्याला संकोच वाटतो. मी दर गुरुवारी चार ते सहा बसते. पहिल्या गुरुवारी वहिनी नुसती राजवाड्यापर्यंत चालत जाऊन आली, पण चेहरा किती हलका झाला होता!

औषधं मात्र या कागदावर सोपवू नका. ती वहिनीच देते आणि डबा कपाटात कुलपात असतो.