आषाढातली तयारी : दुकानाची वेबसाइट करण्याआधी

श्रावण लागला की आमच्याकडे उपवासाच्या भाजणीला हात पुरत नाहीत. पाठोपाठ गणपती, आणि पितृपंधरवडा सरायच्या आतच परदेशी पाठवायच्या फराळाची विचारणा सुरू होते. म्हणून वेबसाइटचं काम ज्येष्ठ-आषाढातच हातावेगळं करायचं. सदाशिव पेठेत आमचं भाजणी, मेतकूट आणि मसाल्यांचं छोटं दुकान आहे. आमची वेबसाइट दोनदा करावी लागली. पहिली हातची गेली, दुसरी टिकली. आता ओळखीचे दुकानदार विचारायला येतात, "वर्डप्रेस घेऊ की शॉपिफाय?" दोन्ही वेबसाइट उभी करायची साधनं. त्यांना उत्तर देण्याआधी मी जी तयारी करायला सांगते, ती ही.

आधी गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. आठ दिवस फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि समोर उभं राहून गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलं ते "दुपारी उघडं असतं का?" त्याखालोखाल "गाडी कुठे लावू?", "बिनलसणाचा मसाला आहे का?", "किती दिवस टिकेल?" आणि "बंगळूरला पाठवता का?" दुकान 75 वर्षं जुनं आहे का, हे एकानेही विचारलं नव्हतं, आणि आमच्या पहिल्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत नेमकं तेच होतं. वहीतले पहिले पाच प्रश्न म्हणजे तुमच्या पहिल्या पानाचा आराखडा. वेळ लिहिताना "दुपारी 1 ते 4 बंद" असं स्पष्ट लिहा, साप्ताहिक सुट्टीचा वार लिहा. पत्त्यात घर क्रमांकाबरोबर जवळची खूण द्या, आणि रस्त्यावर सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तर कोणत्या तारखेला कोणत्या बाजूला, तेही. पेठेत येणाऱ्या माणसाला याचा केवढा आधार असतो, ते रोज दिसतं.

याच वहीवरून दुसरी गोष्ट कळते : तुम्हाला विकायचं आहे की फक्त सापडायचं आहे. दहा-बारा जिन्नस असतील आणि गिऱ्हाईक पेठेतलंच असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा फुकट कॅटलॉग, गुगल नकाशावरची नीट भरलेली नोंद आणि एक पानी वेबसाइट एवढं पुष्कळ झालं. कॅटलॉगमध्ये 500 जिन्नस मावतात. कुणी तुम्हाला मोठं ऑनलाइन दुकान विकू पाहत असेल, तर त्याला महिन्याला पाच मागण्यांसाठी कुरिअरची बोलणी, परतावे आणि पॅकिंग कोण सांभाळणार, हे विचारा.

आता डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव. इथे मी थांबून सांगणार आहे, कारण आमची पहिली वेबसाइट इथेच गेली. ती करणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या नावावर घेतलं. मनात काही वाईट नव्हतं, सोयीचं वाटलं म्हणून घेतलं. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचं पान उघडेनासं झालं. पाकिटांवर, पिशव्यांवर तेच नाव छापलेलं. डॉट कॉम नाव मुदतीनंतर नोंदणी करणाऱ्या कंपनीने काढून टाकलं की पुढचे 30 दिवस ते जबर शुल्क भरून सोडवता येतं, पण ते ज्याच्या खात्यावर आहे त्यालाच. तोवर तो सापडला नाही. नाव गेलं.

म्हणून डोमेन घेताना मालक स्वतः बसलेला असावा. खातं दुकानाच्या ई-मेलवर, ओटीपी घरच्या मोबाइलवर, बिल दुकानाच्या नावाने. पैसे शक्यतो तीन-पाच वर्षांचे एकदम भरा आणि पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर न बघता नूतनीकरणाचा दर बघा, दोन्हींत बरंच अंतर असतं. होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइट इंटरनेटवर जिथे ठेवतात त्या जागेचं खातं, गुगल नकाशाची नोंद, इन्स्टाग्राम, सगळ्याला हाच नियम. वेबसाइट करणाऱ्याला स्वतंत्र प्रवेश देता येतो, मालकीची किल्ली द्यावी लागत नाही. नाव निवडताना ते फोनवर एकदा सांगून बघा. रोमन लिपीतलं स्पेलिंग समजावायला दोन वाक्यं लागत असतील तर दुसरं शोधा. डॉट भारत हे देवनागरी डोमेन 2014 पासून मिळतं. ते हौसेने घ्या, पण सोबत डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवाच, कारण बिलावरून बघून टाइप करणारे बरेचजण रोमनच टाइप करतात.

एवढं झालं की प्लॅटफॉर्मचा प्रश्न. मी त्याकडे दुकानाच्या जागेसारखं बघते. शॉपिफाय, विक्स ही भाड्याची तयार जागा. झाडलोट, कुलपं, दुरुस्ती त्यांच्याकडे, आपण माल मांडायचा. भाडं मात्र दर महिन्याला, धंदा होवो न होवो, आणि शॉपिफायवर बाहेरचं पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, जोडलं तर गेटवे कापून घेतं त्याखेरीज त्यांचं स्वतःचं शुल्कही लागतं. वर्डप्रेस 2003 पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते फुकट मिळतं. त्यावर वू-कॉमर्स हे प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, बसवलं की विक्रीची सोय होते. इथे जागा आपली, पण डागडुजीही आपलीच. प्लगइन वेळच्या वेळी अपडेट झाली नाहीत तर वेबसाइटमध्ये घुसखोरी होते, बॅकअप नसेल तर सगळं पुन्हा करावं लागतं. त्यामुळे वर्डप्रेस घेताना "देखभाल कोण करणार आणि महिन्याला किती घेणार" हे करणाऱ्याकडून लिहून घ्या. ते न ठरवता घेतलेलं वर्डप्रेस मी कुणालाही सुचवणार नाही.

निवडण्याआधी निघायची वाटही बघून ठेवा. वर्डप्रेसची वेबसाइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते. शॉपिफायमधून मालाची यादी बाहेर काढता येते, सजावट तिथेच राहते. विक्सवर बांधलेली वेबसाइट जशीच्या तशी दुसरीकडे हलवता येत नाही. आणि फुकट म्हणजे कायमचं, असं धरू नका. गुगलने दुकानांच्या नोंदीतून मिळणाऱ्या मोफत वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. म्हणून मालाची नावं, वर्णनं, दर आणि फोटो आपल्या संगणकावर एका फोल्डरमध्ये असू द्या. मग उद्या घर बदललं तरी सामान आपल्याजवळ.

शेवटचा कौल मात्र तंत्राने द्यायचा नाही. भाव बदलला तर मंगळवारी संध्याकाळी तो कोण बदलणार, त्या माणसाचं नाव वहीत लिहा. आमच्याकडे ती माझी जाऊ. तिला दोन्ही ठिकाणी नमुन्याची खाती उघडून दिली आणि "धणे महागलेत, गोडा मसाल्याचा दर बदल" एवढंच सांगितलं. जिथे तिला कुणाला हाक मारावी लागली नाही, ते घेतलं.

मराठी मजकुराची तयारी बहुतेकजण विसरतात, आणि सर्वात जास्त हळहळ मला तिथेच वाटते. अप्पा बळवंत चौकात किंवा नारायण पेठेत डीटीपी करून घेतलेली आपली जुनी दरपत्रकं बहुधा श्रीलिपीत, म्हणजे डीटीपीच्या जुन्या फॉन्टपद्धतीत असतात. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. आधी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत करून घ्या आणि नंतर एकदा मोठ्याने वाचा, रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात. थीम, म्हणजे वेबसाइटच्या सजावटीचा तयार साचा, निवडताना तिचे इंग्रजी नमुने बघून भुलू नका. तिच्यात "कुऱ्हाड, वाऱ्यावर, र्‍हस्व, थालीपीठ, कॅरम" असे शब्द टाकून बघा. इंग्रजी थीममध्ये दोन अक्षरांत जागा सोडलेली असेल तर आपली शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. तिरप्या अक्षरांचा हट्ट सोडा, देवनागरीला ती शोभत नाहीत. "मुक्त" किंवा "तिरो देवनागरी मराठी" या नावांचे फॉन्ट गुगलवर मोफत आहेत. पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी नोंदवायला सांगा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. प्रत्येक जिनसाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही द्या. "थालीपीठ भाजणी" शोधणारा आपलाच माणूस कित्येकदा ती रोमन अक्षरांत शोधतो.

फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीशी, साध्या पाटावर काढा. पाकिटाशेजारी वाटी ठेवा म्हणजे आकार कळतो. मोबाइलचा मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दीडदोनशे केबीपर्यंत आणूनच चढवा.

कागदपत्रं एका पाकिटात लावून ठेवा : पॅन, दुकानाचा परवाना, बँकेचा रद्द केलेला धनादेश, जीएसटी असेल तर तो क्रमांक, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, म्हणून सीएला आधी भेटा. पाकीटबंद मालासाठी कमाल किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा संपर्क वेबसाइटवरही दाखवावा लागतो. पेमेंट गेटवेवाले खातं सुरू करण्याआधी परतावा, रद्द करणं, पाठवणी, गोपनीयता आणि संपर्क ही पानं तपासतात. ती कुणाची उचलू नका, आपण खरोखर काय करतो ते चार सोप्या वाक्यांत लिहा. फुटलेली बरणी पोचली तर काय, हे आम्ही घरात बसून ठरवलं तेव्हा लक्षात आलं की माझं आणि जावेचं उत्तर वेगवेगळं होतं. कार्डाच्या व्यवहारावर गेटवे साधारण 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी कापतं, म्हणजे 500 रुपयांच्या मागणीत 11 रुपये 80 पैसे. दर ठरवताना हे धरा.

सगळं जुळलं की बातमी लगेच फोडू नका. वेबसाइट घरातल्या सर्वात जुन्या फोनवर, वाय-फाय बंद करून, वाड्याच्या आतल्या खोलीत उघडून बघा. पत्त्याच्या पट्टीत कुलपाची किंवा सुरक्षित असल्याची खूण दिसते का ते पाहा. मग साताऱ्याच्या बहिणीला खरी मागणी द्यायला सांगा, खरे पैसे भरून. पाकीट बांधा, कुरिअरला द्या, पोचल्याचा दिवस वहीत मांडा. दुसरी मागणी द्यायला लावून ती रद्द करा आणि पैसे तिच्या खात्यात किती दिवसांनी परत आले ते बघा. आमच्याकडे पाच दिवस लागले. परताव्याच्या पानावर आम्ही "लगेच" लिहिलं होतं, ते खोडून "पाच ते सात दिवस" केलं, आणि मगच फराळाची यादी चढवली.